नाण्यावरचा सिंह कसा वाचायचा : नव्याने नाणी जमवणाऱ्यांसाठी, नागपुरातून

आधीच सांगून ठेवतो, जुनं नाणं विकून लखपती व्हायचा मार्ग इथे सापडणार नाही. तो शोधत आले असाल तर थेट आठव्या पायरीवर जा, तिथे तुमचे पैसे तरी वाचतील. हे लिहून राहिलो ते घरातल्या डब्यात चिल्लर साठवता साठवता ज्यांना नाण्यांचा नाद लागलाय त्यांच्यासाठी. नवीन माणूस नेहमी काटाच पाहतो, किती रुपयाचं, कोणत्या सालचं, कोणाचा फोटो आहे वगैरे, आणि छापा बाजू पलटवून ठेवून देतो. सगळ्यावर सिंहच तं आहे, त्यात काय पाहायचं! पण नाणं कोणत्या काळातलं, समोरचा माणूस खरं सांगून राहिला की थापा मारून राहिला, हे बरंचसं सिंहाच्या बाजूनेच कळतं. आणि त्या सिंहामागे जे आहे ते नागपूरच्या माणसाला तसं नवीन नाही, पुढे येईलच.

१. सामान जमवा

फार काही लागत नाही.

- दहा पट मोठं दाखवणारं भिंग, सोनारकाम करणारे वापरतात तसलं
- छोटं लोहचुंबक
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, ऑनलाईन मिळतो
- जाडी-व्यास मोजायला व्हर्निअर, प्लास्टिकचा पण चालते
- नाणी ठेवायची कागदी-पारदर्शक पाकिटं. पीव्हीसीवाली घेऊ नका, काही वर्षांनी चिकट हिरवट थर येतो
- एक वही

कागदपत्रं म्हणाल तर १९५० नंतरच्या साध्या चलनी नाण्यांना कायबी लागत नाही. सरकारी टांकसाळीचं स्मारक नाणं घेतलं तर त्याचं मूळ पॅकिंग आणि बिल फेकू नका, पुढे विकायचं झालं तर त्याच्याशिवाय भाव अर्धा होतो. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, ते देशाबाहेर नेता येत नाही, त्याचं बिल घ्याच. आणि शेतात नांगरताना किंवा घर पाडताना हंडा-बिंडा सापडला तर १८७८ चा कायदा अजून चालू आहे, कलेक्टरला कळवावं लागतं.

२. धुवू नका, फक्त कडेला धरा

पितांबरी, चिंच, लिंबू, टूथपेस्ट, यातलं काहीही नाही म्हणजे नाही. नाणं चमकते पण वरचा थर जातो आणि जाणकार माणूस एका नजरेत ओळखतो की घासलंय. फारच मळ असेल तर साधं पाणी, मऊ कपड्याने टिपायचं, घासायचं नाही. नाणं कडेला दोन बोटात धरा आणि मोबाईलचा टॉर्च वरून न मारता आडवा मारा, मग बारीक कोरीव काम सावलीमुळे उठून दिसते.

३. मूळ खांब डोळ्यासमोर आणा

ही पायरी लोक गाळतात, आणि मग नाण्यावर काय दिसून राहिलं ते समजत नाही.

नाण्यावरचा सिंह म्हणजे वाराणसीजवळच्या सारनाथच्या अशोकस्तंभाचं वरचं टोक, ज्याला स्तंभशीर्ष म्हणतात. इसवी सनापूर्वी साधारण २५० च्या सुमाराचं, चुनारच्या वालुकाश्मातलं, अंगाला ती प्रसिद्ध मौर्य झिलई, उंची दोन मीटरच्या वर. १९०४-०५ मध्ये एफ. ओ. ओएर्टेल नावाच्या इंजिनिअरने सारनाथला खोदकाम केलं त्यात ते सापडलं आणि आज तिथल्याच संग्रहालयात आहे.

वरून खाली असं वाचा :

सगळ्यात वर एक मोठं चक्र होतं, सिंहांच्या डोक्यावर. त्याचे तुकडेच सापडले, म्हणून बहुतेकांना ते होतं हेच माहीत नसते.

त्याखाली चार सिंह, पाठीला पाठ लावून, चार दिशांना तोंड.

त्याखाली गोल पट्टी, तिच्यावर चार प्राणी कोरलेले, हत्ती, घोडा, बैल आणि सिंह, आणि दोन-दोन प्राण्यांच्या मध्ये एक असं चार चक्रं. प्राणी उभे नाहीत, चालून राहिले, घोडा तर पळतोय.

आणि सगळ्यात खाली घंटेसारखं दिसणारं उलटं कमळ.

एवढं पाठ झालं की पुढचं सोपं.

४. नाण्यावर काय आलं, काय गाळलं

२६ जानेवारी १९५० ला हे आपलं राजचिन्ह झालं, पण जसंच्या तसं घेतलं नाही. सपाट चित्रात चौथा सिंह मागे जातो म्हणून तीनच दिसतात. खालचं कमळ पूर्ण गाळलं. वरचं मोठं चक्र पण नाही. पट्टीवर मधोमध चक्र, आपल्या उजव्या हाताला बैल, डाव्या हाताला घोडा, आणि अगदी टोकांना दोन्हीकडे दुसऱ्या चक्रांची नुसती किनार. हत्ती आणि पट्टीवरचा सिंह मागच्या बाजूला राहून गेले. खाली देवनागरीत 'सत्यमेव जयते', हे मुंडक उपनिषदातलं.

आता भिंग घ्या आणि पहिले बैल शोधा. मी नवीन पोरांना नेहमी हेच करायला लावतो, कारण अर्ध्या लोकांना आयुष्यभर हातात नाणं खेळवून पण तिथे बैल आहे हे माहीत नसते. लहान नाण्यावर तो मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा ठिपका असते, मोठ्या जुन्या रुपयावर चांगला दिसते. चक्राच्या आऱ्या मोजायच्या भानगडीत पडू नका, झेंड्यावर २४ मोजता येतात, नाण्यावर तेवढी जागाच नाही, आणि आऱ्या कमी दिसल्या म्हणून नाणं नकली ठरत नाही.

झीज पण इथेच पाहायची. मधल्या सिंहाचं नाक-तोंड सगळ्यात उंच असते म्हणून ते आधी सपाट होते. त्याची आयाळ, मिशा, पंजाची बोटं साफ दिसली तर नाणं फार फिरलेलं नाही समजा. विकणारा 'एकदम कोरं आहे' म्हणून राहिला आणि मधल्या सिंहाला तोंडच नसेल तर पुढे बोलायची गरज नाही.

एक आपल्या भागाची गोष्ट. संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीसाठी हे सिंह रेखाटणारे दीनानाथ भार्गव म्हणजे नंदलाल बोस यांचे शांतिनिकेतनातले विद्यार्थी, आणि गाव मुलताई. हो, तेच बैतुल जिल्ह्यातलं, तापीच्या उगमाचं, नागपूरहून भोपाळकडे जाताना लागते ते. त्या काळी बैतुल जिल्हा मध्य प्रांतात आणि राजधानी नागपूर, म्हणजे माणूस आपल्याच मुलखातला. सिंह बरोबर उतरावा म्हणून ते कोलकात्याच्या प्राणीसंग्रहालयात जाऊन खरे सिंह पाहत बसायचे म्हणतात. २०२२ मध्ये नव्या संसद भवनावरच्या सिंहांचे जबडे जास्तच रागीट आहेत म्हणून वाद झाला तेव्हा मला पहिले हेच आठवलं, कारण सारनाथचे सिंह तोंड उघडून आहेत खरे पण चिडलेले वाटत नाहीत. हे माझं मत, तुम्ही फोटो शेजारी ठेवून ठरवा.

५. अर्थ कोणता धरायचा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. शाळेच्या गाईडमध्ये आणि व्हॉट्सअॅपवर एक ठरलेली यादी फिरते, सिंह म्हणजे शक्ती, धैर्य, आत्मविश्वास, अभिमान, बैल म्हणजे कष्ट, घोडा म्हणजे वेग आणि निष्ठा. चूक आहे असं नाही, पण हे राजचिन्ह म्हणून नंतर लावलेले अर्थ आहेत. राजचिन्हाच्या कायद्यात चिन्हाचं वर्णन आहे, कोणता प्राणी कशासाठी याची यादी नाही. त्यामुळे परीक्षेत लिहायचं असेल तर ती यादी लिहा, समजून घ्यायचं असेल तर सारनाथला जा, मनाने तरी.

सारनाथ काहून? कारण बुद्धांनी पहिलं प्रवचन तिथे दिलं. त्यालाच धम्मचक्र प्रवर्तन म्हणतात, आणि हा शब्द नागपूरच्या शेंबड्या पोराला पण माहीत आहे. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी, दीक्षाभूमी. दरवर्षी दसऱ्याला लाखो लोक जिथे येतात त्या दिवसाचं नाव आणि तुमच्या खिशातल्या दोन रुपयावरच्या सिंहाखालचं चक्र, दोन्ही एकाच घटनेकडे बोट दाखवतात. अशोकाने तो खांब तिथे उभा केला तो त्या प्रवचनाची जागा म्हणून.

मग सिंह पण वेगळे दिसायला लागतात. बुद्धांना शाक्यसिंह म्हणतात आणि त्यांच्या उपदेशाला सिंहनाद, तेव्हा चार दिशांना तोंड करून उघड्या तोंडाने उभे असलेले चार सिंह म्हणजे चारी दिशांना पोचणारा धम्म, असं बरेच अभ्यासक वाचतात. पट्टीवरच्या प्राण्यांचे पण दोन-तीन अर्थ आहेत. एक असा की ते चार दिशांचे प्राणी, हत्ती पूर्वेचा, घोडा दक्षिणेचा, बैल पश्चिमेचा, सिंह उत्तरेचा. दुसरा असा की ते बुद्धांच्या आयुष्यातले टप्पे, मायादेवीच्या स्वप्नातला पांढरा हत्ती, जन्मराशीचा बैल, घर सोडताना नेलेला कंथक घोडा आणि शेवटी स्वतः शाक्यसिंह. मला दुसरा आवडतो, पण कोणी छातीठोक सांगितलं की हाच एक खरा, तर मान डोलवा आणि पुढे चला. अशोकाने त्याचं स्पष्टीकरण कुठे लिहून ठेवलेलं नाही.

यात एक गंमत पण आहे. १९५० साली प्रजासत्ताकाची पहिली नाणी निघाली, तेव्हा इंग्रज राजाचं डोकं काढून सिंह बसवला, आणि मागच्या बाजूला हेच प्राणी मोठे करून घेतले. एका पैशावर घोडा, अर्धा आणा, एक आणा, दोन आण्यावर बैल. म्हणजे तुमच्याकडे तो १९५० चा घोडेवाला पैसा असेल तर एका बाजूला घोडा ठिपक्याएवढा आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण नाणंभर आहे. पाव, अर्धा आणि एक रुपयावर मात्र धान्याची कणसं आली, आधीच्या १९४७ च्या रुपयावर तिथे वाघ होता. नवीन माणसाने पैसे घालवायचेच असतील तर पहिले हा घोडा आणि हा बैल घ्यावा, फार महाग नाहीत आणि राजचिन्ह समजायला याच्याइतकं चांगलं काही नाही.

६. सिंहाभोवतीची अक्षरं पाहून काळ ठरवा

साल झिजलं असलं तरी चालते.

इंग्रजीत 'गव्हर्नमेंट ऑफ इंडिया' लिहिलंय, 'सत्यमेव जयते' नाही : १९५० ची आणा मालिका. हे पाहून लोक घाबरतात की राजचिन्ह अर्धवट, म्हणजे नाणं खोटं. नाही, तेव्हा असंच पाडलं होतं.

सिंहाच्या एका अंगाला 'भारत', दुसऱ्या अंगाला इंग्रजीत 'इंडिया' : दशमान पद्धत आल्यावरची. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १६ आणे जाऊन १०० पैसे झाले. सुरुवातीला त्याला 'नया पैसा' म्हणायचे आणि एक नया पैशावर हिंदीत 'रुपये का सौवां भाग' लिहिलेलं असते. १९६४ मध्ये 'नया' गळून नुसता पैसा राहिला.

सिंहाखाली 'सत्यमेव जयते', डावीकडे 'भारत', उजवीकडे इंग्रजी 'इंडिया', आणि पलटवलं की रुपयाचं नवं चिन्ह : २०११ पासूनची मालिका. रुपयाचं चिन्ह २०१० ला ठरलं, त्यामुळे त्या आधीच्या सालाच्या चलनी नाण्यावर ते दिसलं तर शंका घ्या.

स्मारक नाण्यांवर पण एक बाजू सिंहाचीच. १९६४ चा नेहरूंचा रुपया घ्या, १९६९ चा गांधीजींचा, १९९० चा बाबासाहेबांचा, किंवा २०१५ ची बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीची दहा आणि सव्वाशे रुपयांची नाणी. माणसं बदलतात, सिंह तोच.

७. टांकसाळीची खूण

सालाच्या खाली भिंग न्या. पत्त्यातल्यासारखी चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नाही म्हणजे कोलकाता. नोएडाची टांकसाळ १९८८ ची, त्यामुळे १९७५ च्या नाण्यावर ठिपका दिसला तर तो मळ आहे किंवा कोणीतरी केलेली कारागिरी आहे. काही वर्षी नाणी कमी पडली म्हणून बाहेर देशातून पाडून आणली, १९८५ च्या काही रुपयांवर 'एच' आहे ते इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, आणि २००० च्या आसपासच्या काही पाच रुपयांवर 'एम-एम-डी' ते मॉस्को. हे चिल्लरमध्ये पण सापडतात, शोधत राहा.

८. फसायच्या जागा, नीट वाचा

*पांढरा रुपया चांदीचा म्हणून गळ्यात मारणे.* १९५० च्या सिंहवाल्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुन्या चांदीच्या रुपयाएवढंच, बरोबर एक तोळा. त्यामुळे काट्यावर टाकून काही कळत नाही. पण तो शुद्ध निकेलचा आहे. चुंबक लावा, टकन चिकटते, चांदी चिकटत नाही. व्यास पण २८ मिलिमीटर, चांदीचा राजावाला रुपया ३० च्या वर असते. सोपा नियम लक्षात ठेवा, सिंह असलेल्या रोजच्या चलनातल्या नाण्यात चांदी नाही. स्मारक नाण्यांची गोष्ट वेगळी, १९६९ च्या गांधीजींच्या दहा रुपयात ८० टक्के चांदी आहे.

*'वैष्णोदेवीचं नाणं दहा लाखाला'.* ते २०१२ चं, पाच आणि दहा रुपयाचं, ढिगाने पाडलेलं आहे, भाजीवाल्याकडून सुट्ट्यात येते. जाहिरातीवर फोन केला की पहिले 'रजिस्ट्रेशन फी', मग 'जीएसटी', मग 'आरबीआयची परवानगी' असे पैसे मागत जातात आणि शेवटी फोन बंद. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः सांगितलं की ती असल्या खरेदी-विक्रीत नाही आणि कोणाकडून कमिशन घेत नाही. संविधान चौकात रिझर्व्ह बँकेची इमारत दिसते म्हणून नाणं घेऊन तिथे भाव विचारायला जाऊ नका.

*राम-सीता, हनुमान, ईस्ट इंडिया कंपनी, १८१८.* असलं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही. देवघरात ठेवायला टोकन म्हणून ठीक, जुनं नाणं म्हणून एक रुपया पण देऊ नका.

*दहाचं नाणं चालत नाही.* हे तं आपल्याकडचं जुनंच दुखणं, दुकानदार पण नाही घेत, ऑटोवाला पण नाही घेत. दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं अशी अफवा आहे. दोन्ही खरी. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं की तोवर दहाची १४ डिझाईन निघाली आणि सगळी चालतात. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी मात्र ३० जून २०११ पासून बंद, पन्नास पैसे अजून कायद्याने चालतात, कोणी घेवो न घेवो.

९. नागपुरात कुठे पाहायचं, कुठे घ्यायचं

सिव्हिल लाईन्सचा अजब बंगला, म्हणजे १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय, तिथे जा, सुट्टीचा दिवस आधी विचारून घ्या. नाण्यांसोबत देवटेकचा शिलालेख विचारून पाहा. त्याच्यावरचा जुना ब्राह्मी लेख अशोकाच्या काळातला मानला जातो, जनावरं पकडू-मारू नये असा हुकूम आहे. म्हणजे सिंहवाल्या खांबाचा राजा आपल्या विदर्भात पण बोलून गेलाय. नंतर दीक्षाभूमीला जाऊन स्तूपाच्या कमानी पाहा, तिथे अशोकचक्र, घोडे, हत्ती, सिंह सगळे भेटतात, नाण्यावर गाळलेला हत्ती पण.

घ्यायचं असेल तर इतवारी सराफ्यात राजाचे चांदीचे रुपये मिळतात, भाव चांदीचा चालते. एक ट्रॅप तिथे पण आहे, १९४० ते १९४५ च्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात चांदी निम्मीच आहे, त्याआधीच्यात ९१ टक्क्यांच्या वर, आणि दोघांचा भाव एकच लावतात काही जण. साल पाहूनच बोला. सिंहवाल्या जुन्या नाण्यांसाठी सराफा नाही तर नाण्यांची प्रदर्शनं बरी, दहा टेबलं फिरून भाव विचारता येतात. नवीन स्मारक नाणी सरकारी टांकसाळीच्या वेबसाईटवरून थेट बुक करा, बाहेर तीच दुप्पट भावाने विकतात.

१०. सिंह स्वतः वापरायची हौस

आवड लागली की लोक त्याचा लोगो करतात. नाणेसंग्राहक मंडळ काढलं आणि लेटरहेडवर सिंह, गाडीच्या काचेवर सिंह, व्हिजिटिंग कार्डावर सोनेरी सिंह. २००५ चा राजचिन्हाचा कायदा आहे, खाजगी माणसाने ते वापरायचं नाही, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. नाणं वितळवणं किंवा तोडणं पण २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा भोक पाडून लॉकेट करायचा विचार असेल तर तो चालू नाण्यावर करू नका. मंडळाच्या लोगोसाठी एखाद्या पोराकडून साधं चक्र नाही तर संत्र काढून घ्या, संत्र्यावर अजून कोणाचा कायदा नाही.